रामू, तुझा धातू निघाला

प्रिय रामू,

सवयीने आधी ‘चि.’ लिहिलं. मग त्या अक्षराचा अर्थ ध्यानात आला आणि दुसरा कागद घेतला.

आज सकाळी तुझ्या पद्माला गाडीत बसवून आले. ती मुंबईला गेली, तू काम करायचास त्याच प्रयोगशाळेत. अप्पा दारापुढच्या ओट्यावर, आपल्या तिण्णैवर, रस्त्याकडे तोंड करून बसले आहेत. तुझी लेक कावेरी रडून रडून आत झोपली आहे. घरात एवढं घडलं, ते तुला कोण कळवणार? तंजावूरच्या बातम्या तुला नेहमी मीच लिहायची. म्हणून बसले.

कन्याकुमारीहून येताना तू सदऱ्याचा खिसा भरून काळी वाळू आणली होतीस, आठवतं? ती आगगाडीत सांडली आणि आई किती रागावली. पुढे कॉलेजात गेल्यावर तूच सांगितलंस, त्या वाळूत टिटॅनियम असतं. तिच्यापासून पांढरा रंग करायचा कारखाना केरळात चालू झालाच होता. मी म्हटलं, “मग तू आणखी काय काढणार?”

“रंग सोपा गे, अक्का. धातू अवघड. तापला की तो हवा पितो, आणि हवा प्याला की ठिसूळ होतो.”

मी वांगी चिरत होते, तू समोर फतकल मारून बोलत होतास. वाळू कोळशाबरोबर क्लोरीनमध्ये तापवायची, म्हणजे पाण्यासारखा एक द्रव मिळतो. बंद भांड्यात, हवेचा स्पर्श होऊ न देता, तो वितळलेल्या मॅग्नेशियमवर सोडायचा. परदेशात कुणी तरी ही वाट शोधली आणि आता तिकडे त्या धातूची विमानं होतात. लोखंडाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, समुद्राच्या पाण्यातही न गंजणारा धातू. मला अर्धं कळलं, अर्धं नाही. एवढं मात्र कळलं, की वाळू आपली आणि धातू दुसऱ्यांचा, हे तुला सहन होत नव्हतं.

मुंबईला गेल्यावर तिथले लोक तुझ्या तंजावुरी मराठीला हसले. “मराठी आहे, पण चाल तमिळ,” म्हणाले. तू ते पत्रात लिहिलंस आणि खाली लिहिलंस, “हसू देत. माझी भट्टी मराठी-तमिळ काही विचारत नाही.” अप्पांनी ते शेजारीपाजारी वाचून दाखवलं होतं.

तो द्रव हवेतली ओल लागली की पांढरा धूर सोडतो, हे तू कधी लिहिलं नाहीस. का रे? आम्ही भिऊ म्हणून?

तो पावसाळ्यातला दिवस. नळीचा एक सांधा सुटला आणि खोली धुराने भरली. तुझ्यापलीकडे भट्टीपाशी दोघेजण होते आणि त्यांची बाहेर यायची वाट त्या धुरातूनच होती. तू पुढे जाऊन व्हॉल्व बंद केलास. ते दोघे वाचले. तुझी छाती आतून भाजली.

इस्पितळातून तू विश्रांतीसाठी घरी आलास तेव्हा मी विचारलं होतं, “दार जवळ होतं ना? पळाला का नाहीस?”

तू बराच वेळ खोकलास. मग म्हणालास, “व्हॉल्व हाताशी होता, अक्का.”

अप्पांना मात्र तू सर्दी म्हणून सांगत राहिलास. त्यांना काही कळत नाही असं तुला वाटायचं. तुझा खोकला सुरू झाला की ते परसात जाऊन उगाच झाडांना पाणी घालायचे. तू ते पाहिलं नाहीस. मी पाहिलं.

मार्गळी महिन्यातली ती थंडीची सकाळ. बाहेर भजनवाले चालले होते, पद्मा सडा घालून दारात कोलम काढत होती. मी तुझ्यासाठी मिरं घातलेलं दूध घेऊन आले. तू माझ्याकडे पाहिलंस, पेला घ्यायला हात उचललास आणि तो हातच खाली पडला. मी पद्माला हाक मारली. ती पिठाच्या हातांनी तशीच धावत आली. रामू, कोलम अर्धंच राहिलं. त्या महिन्यात पुन्हा कुणी ते काढलं नाही.

गेल्या महिन्यात तुझे सोबती जोशी मुंबईहून आले. फडक्यात गुंडाळलेला एक करडा तुकडा त्यांनी अप्पांच्या हातात दिला. कोळशासारखा, सगळीकडे भोकं. म्हणाले, “अप्पा, हे टिटॅनियम. रामूने बसवलेल्या भट्टीतून आलं.”

अप्पांनी तो तळहातावर तोलला. “किती हलकं आहे,” म्हणाले, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा आम्हा सगळ्यांसमोर रडले.

मी जोशींना विचारलं, “तो सांधा?”

“बदलला. आता धूर ओढणारे पंखे आहेत. सगळ्यांना मुखवटे आहेत.”

“आधी का नव्हते?”

त्यांनी मान खाली घातली. भला माणूस आहे तो, पण मी त्याला सोडवलं नाही. मला उत्तर हवं होतं. अजून हवं आहे.

मग त्यांनी दुसरी गोष्ट काढली. पद्मा रसायनशास्त्र शिकलेली. धातूत हवेचा किती अंश उरला ते तपासायच्या विभागात तिला जागा देणार होते. अप्पा ताडकन म्हणाले, “एक दिला. दुसरी देणार नाही.”

पद्मा आजवर त्यांच्यासमोर मान वर करून बोलली नव्हती. ती म्हणाली, “मामंजी, इथे राहिले तर मी रोज त्यांच्या खाटेकडे बघत बसेन. तिथे निदान त्यांचं काम दिसेल.”

अप्पा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी स्वतः बाजारात जाऊन तिच्यासाठी पत्र्याची पेटी घेऊन आले. पापनाशम गावचा तिचा भाऊ मुंबईपर्यंत सोबत गेला आहे.

राहायला जागा मिळेपर्यंत कावेरी माझ्यापाशी. रात्री ती माझ्या पदराचं टोक मुठीत धरून झोपते. तिचं कपाळ तुझं, हट्टही तुझाच. आज स्टेशनवरून येताना तिने विचारलं, “आत्ते, अम्मा पण अप्पासारखी जाणार?” तिचा अप्पा म्हणजे तू. मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तुला खरं सांगते, जागा लवकर मिळू नये असं मनात येतं. ही पोर गेली तर या घरात तुझं म्हणून काय उरेल? माझं तरी काय उरेल?

पण तुला वचन देते. पद्माचं बोलावणं येईल त्या दिवशी मी कावेरीची वेणी घालीन, तिला घेऊन मुंबईला जाईन आणि तिचा हात तिच्या आईच्या हातात देईन. तिच्यासमोर रडणार नाही. आणि परतताना तिला घेऊन येण्याचं एकही निमित्त काढणार नाही.

तुझी,
चंद्राक्का