बाबांचा एमव्हीपी

अ‍ॅशबर्न,
१४ जुलै

प्रिय सौमित्र,

तू, प्रीता, सगळे मजेत असाल. इथे आम्हीही बरे आहोत. उकाडा भयंकर आहे. डेकवरच्या कुंड्यांतले टोमॅटो हरणांनी खाल्ले. निधीचा समर कॅम्प सुरू झालाय, विनय तिला सोडून ऑफिसला जातो. बाबांचा उजवा हात आता खांद्यापर्यंत वर जातो. बोलणं अजून अडखळतं, पण थेरपिस्ट समाधानी आहे.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू विषय बदलतोस.

तुझा लेख वाचला. बेसबॉलचा अर्धा सीझन संपला की कोण एमव्हीपी, म्हणजे सगळ्यात मोलाचा खेळाडू, कोण बेस्ट पिचर, नवख्यांत कोण, कुठल्या टीमने सगळ्यात जास्त निराशा केली, हे तू दरवर्षी लिहितोस. यंदा त्यात बाबा आले. लेख खूप फिरला, असं प्रीता म्हणाली. माझ्या ऑफिसातल्या एकीनेही मला तो पाठवला. तुझा भाऊ किती सेन्सिटिव्ह आहे, म्हणाली. मी थँक्स म्हटलं.

चांगलं लिहितोस तू, ते कधीच नाकारलं नाही. नागपूरला कॉलेजच्या मॅचेसना अंपायर म्हणून उभे राहणारे बाबा, आई गेल्यावर अमेरिकेत येतात, टीव्हीसमोर बसून बेसबॉलच्या अंपायरशी भांडतात आणि भांडता भांडता त्या खेळाच्या प्रेमात पडतात. हे वाचताना मलाही हसू आलं. मग स्ट्रोकनंतरचा भाग आला. ‘मी त्यांना विचारलं, एमव्हीपी कोण? त्यांचे ओठ हलत राहिले. मी टीव्हीचा आवाज बंद केला आणि वाट पाहिली. एक इनिंग संपली, दुसरी संपली. मग त्यांनी एक नाव उच्चारलं. स्ट्रोकनंतरचं पहिलं नाव.’

निधी माझ्या शेजारी बसून वाचत होती. ती म्हणाली, “ममा, बट दॅट वॉज यू.”

मी तिला म्हटलं, लेखात असं थोडंफार करतात.

सौमित्र, त्या दिवशी मी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये गाडी थांबवून तुला फोन केला होता. बाबा बोलले, हे मला आधी तुलाच सांगायचं होतं. मला रडू आवरत नव्हतं. तू म्हणालास, ताई, सावकाश, सगळं नीट सांग. टीव्ही बंद केलास का, किती वेळ लागला, त्यांचा चेहरा कसा होता? मला वाटलं, दूर आहे म्हणून सगळं जाणून घ्यायचंय त्याला.

स्ट्रोक झाल्यापासून तू इथे एकदाही आलेला नाहीस. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, मग प्रीताची बहीण आली होती, मग तिकिटं महाग होती. मी ऐकून घेतलं. तरी हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाहीये.

लेख मी बाबांना वाचून दाखवला. मराठी करून, एकेक ओळ. खरं सांगायचं तर, ते चिडतील म्हणून. चुकीच्या निर्णयावर गप्प बसणारा माणूस नाही तो. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाचून संपल्यावर बराच वेळ जुळवाजुळव करून ते म्हणाले, “सौमित्र... किती बसला... माझ्यापाशी.”

आजारानंतरचं त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य.

मी म्हटलं, “बाबा, ती मी होते. सोफ्यावर, तुमच्या उजवीकडे.”

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. समजूत काढल्यासारखं.

“तू... पोळ्या... करत होतीस.”

आता ते थेरपिस्टला तेच सांगतात. शेजारच्या अनिलकाकांनाही सांगून झालं. दर वेळी वाक्य थोडं सुधारतं. थेरपिस्ट मला म्हणाली, ही आठवण त्यांना बोलायला लावतेय, त्यांना दुरुस्त करू नका. मी नाही करत. दुसऱ्या खोलीत जाते.

काल तुझा मेसेज आला. ‘ताई, सगळ्यात जास्त निराशा करणारी टीम कुठली म्हणाले बाबा? लोक विचारतायत. दुसरा भाग लिहितोय.’

ते मी विचारणार नाही. तू विचार.

दोन ऑगस्टची तिकिटं काढलीत. मी बाबांना घेऊन फ्रीमाँटला येतेय आणि दुसऱ्या दिवशी एकटी परत जाणार आहे. सीझन संपेपर्यंत ते तुझ्याकडे राहतील. तुमच्या भागातली स्पीच थेरपिस्ट मी शोधून ठेवलीय, आठवड्यातून तीनदा न्यायचं. मीटिंग असली तरी न्यायचं. त्यांना जिना चढता येत नाही, त्यामुळे तुझी खालची ऑफिसची खोली रिकामी कर. पाणी पावडर घालून घट्ट करून द्यावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. ते कसं करायचं ते प्रीताला नको, तुला दाखवीन. आणि ते शब्द शोधत असले की आपण मधे शब्द पुरवायचा नाही. तुला ते जड जाईल.

हा सूड आहे असं विनयला वाटतं. तो म्हणाला, त्यांचे हाल होतील. मी त्याच्याशी भांडले, पण मलाही रात्रभर तेच वाटत होतं. म्हणून सकाळी बाबांनाच विचारलं, सौमित्रकडे जायचं का? मनात म्हणत होते, नाही म्हणा. एकदाच नाही म्हणा, मी तिकिटं कॅन्सल करते.

यावेळी त्यांना शब्द शोधावा लागला नाही. “हो,” म्हणाले. लगेच.

तेव्हापासून ते एका हाताने बॅग भरतायत. मला हात लावू देत नाहीत.

विमानतळावर वेळेवर ये. ते गर्दीत तुलाच शोधतील.

ज्ञानदा