दरदीरीच्या भिंतीवरचा रिकामा ओटा

नाईलचा पश्चिम काठ,
मंगळवार

आदरणीय हाजी शाजली यांस,

किनावीचा सलाम पोचावा. अल्ला तुमची सावली आमच्यावर लांब ठेवो आणि तुमचा डावा गुडघा निदान नमाजापुरता तरी वाकता ठेवो. वहिनींचा खोकला सुएझच्या खाऱ्या हवेने कमी झाला असेल अशी आशा आहे. नसल्यास हवेचा दोष समजावा, वहिनींचा नव्हे. "इकडे सर्व ठीक आहे" असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढच्या मजकुराने ते खोटं ठरलं तर माझा इलाज नाही. तुमची बहीण, माझी वहीबा, गेल्यापासून चहा मीच करतो आणि मीच पितो. चहा वाईट झाला म्हणणारं कोणी घरात उरलेलं नाही, आणि चहा मात्र रोज वाईट होतो. तिचं पांढरं बदक खुशाल आहे. ते मला घराचा मालक मानत नाही. दाणे माझ्या हातचे खातं आणि मग तोच हात चावतं. (राज्यकर्ते आणि प्रजा यांच्या संबंधावर मी आजवर जेवढं वाचलं, त्यापेक्षा या बदकाने मला जास्त शिकवलं.)

आता मुख्य बातमी. येत्या शुक्रवारी नमाजानंतर, माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं चित्र चुन्याखाली जाणार आहे. ते जाऊ नये अशी माझी इच्छा आहे. मी तीन दिवस भाषणं केली, आणि परिणाम असा झाला की चुना आधी दोन बादल्या ठरला होता, तो आता तीन बादल्या झाला.

झालं ते सुरुवातीपासून सांगतो. आमच्याकडचे यात्रेकरू तुमच्या हातचं जेवून जहाजात चढतात, तसा दरदीरीही चढला. (तुमच्याकडचे मासे त्याने जहाजात समुद्राला परत केले, हे तो आता सगळ्यांना सांगतो. मनावर घेऊ नका, तो जिवंत असल्याचा आनंद सध्या कोणालाच नीट घेता येत नाही.) तो निघाला त्याच आठवड्यात सालिमची आई, म्हणजे त्याची बायको, माझ्या दारात उभी. घरचा माणूस यात्रेला गेला की मागे भिंतीला चुना लावायचा आणि तो परतायच्या आत तिच्यावर त्याची यात्रा रंगवून ठेवायची, हे काम आपल्या गावात माझं. काबा शेकडो वेळा काढलेला आणि एकदाही न पाहिलेला असा माणूस या मुलखात मी एकटाच असेन. परतलेला प्रत्येक हाजी माझ्याशेजारी उभा राहून चुका सांगतो. उस्ता, दार याहून उंच आहे. उस्ता, कबुतरं कमी काढलीत. मी ऐकतो आणि पुढच्या भिंतीवर दुरुस्त करतो; त्यामुळे माझा काबा हळूहळू खऱ्याच्या जवळ चालला आहे, मी मात्र होतो तिथेच आहे.

माझा नियम तुम्हाला ठाऊक आहे, कारण चहाच्या दुकानात बाकावर उभा राहून मी तो वर्षानुवर्षं सांगत आलो: भिंत खोटं बोलत नाही. पुस्तकं खोटं बोलतात, वर्तमानपत्रं तर त्याच कामासाठी छापली जातात. पण भिंतीसमोर माणसाला रोज यावं-जावं लागतं, म्हणून तिच्यावर खरंच लिहिलं पाहिजे. जहाजाने गेला त्याला जहाज, विमानाने गेला त्याला विमान. मागे तो धान्याचा व्यापारी बोटीच्या तळाशी पोत्यांवर झोपून गेला आणि मला म्हणाला, कप्तानाची टोपी घातलेला मी काढ. मी म्हणालो, पोती काढतो, टोपी काढणार नाही. त्याने पलीकडच्या गावाहून रंगारी आणला. आज तो भिंतीवर कप्तान आहे आणि येणारे-जाणारे त्याला सलाम ठोकतात.

दरदीरीच्या भिंतीवर मी सगळं रीतसर काढलं. जहाज, काबा, उंट, दाराच्या दोन्ही बाजूंना तलवार धरलेले सिंह, आणि शेवटी घरी परतणारा दरदीरी: गाढवावर बसलेला, पुढे ढोल, मागे झेंडे. गाढव तर इतकं हुबेहूब उतरलं की दरदीरीच्या खऱ्या गाढवाने त्याच्याकडे बघून तोंड फिरवलं.

तेवढ्यात हाजी अम्मार विमानाने लवकर परतला आणि नावेतून उतरतानाच रडायला लागला. दरदीरी गेला, म्हणाला. उन्हाने कोसळला, चौघांनी उचलून नेला, डोळ्यांनी पाहिलं. आता यात्रेत सगळ्यांच्या अंगावर तेच दोन पांढरे पंचे, सगळ्यांची डोकी तासलेली. पाठमोऱ्या माणसाला त्याची आईसुद्धा ओळखणार नाही. पण अम्मारने छत्री ओळखली होती. हिरवी छत्री, तिला पिवळं ठिगळ. ते ठिगळ सालिमच्या आईनेच लावलेलं. तिने एवढं ऐकलं आणि ती दारातच खाली बसली.

पवित्र जागी मरण येणं हे भाग्य आहे असं सगळे तिला सांगत होते. मीही सांगितलं. वहीबा गेली तेव्हा मला लोकांनी काय काय सांगितलं होतं ते आठवलं आणि मध्येच गप्प बसलो. (मी मध्येच गप्प बसलो, हे गावात अजून सांगतात.) तीन दिवस कुराणपठण, बिनसाखरेची कॉफी. चौथ्या दिवशी सालिमची आई म्हणाली, "उस्ता, तेवढा ढोल पुसा. मला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. रोज तो येतोय, रोज येतोय, आणि येत नाही."

मी ढोल पुसले, झेंडे पुसले, गाढवासकट दरदीरी पुसला. भिंतीचा अर्धा भाग पांढरा झाला. दुपार कलत होती, चुना वाळत होता आणि त्यावर ऊन आलं. लोक मला विचारतात, उस्ता, तुला सुचतं कसं. मी त्यांना मोठमोठी उत्तरं देतो. खरं असं की मी दमून जमिनीवर बसलो होतो आणि त्या पांढऱ्यात मला एक ओटा दिसला. दाराशेजारचा मातीचा ओटा, आपल्या सगळ्यांच्या घरासमोर असतो तसा. त्याच्यावर कोणी नाही. शेजारी पाण्याचं मडकं, त्यावर पेला पालथा. ओट्याखाली चपलांचा जोड. बस. सिंह नाही, तलवार नाही. उन्हं जायच्या आत काढून झालं. त्या संध्याकाळी गाव आलं आणि बोललं नाही. माझ्या भाषणांनी जे गाव कधी गप्प झालं नाही, ते एका रिकाम्या ओट्याने झालं. लोक गेलेल्या जिवासाठी फातेहा वाचून जायचे. पलीकडच्या काठावरून माणसं नाव करून बघायला यायची.

आणि पुढच्या आठवड्यात त्याच नावेतून दरदीरी उतरला.

नावाड्याने त्याला बसवून घेतलं ते डोळे मिटून; आणि काठाला लागेपर्यंत उघडले नाहीत, म्हणून नाव दोनदा वाळूत रुतली. दरदीरी खांद्यावर गाठोडं घेऊन ढोल शोधत घरापर्यंत चालत आला. भिंत बघितली. गाठोडं खाली ठेवलं आणि खऱ्या ओट्यावर बसला, चित्रातल्या ओट्याच्या बरोबर खाली. इतक्यात सालिमची आई बाहेर आली. किंचाळून झालं, रडून झालं, त्याला चाचपून झालं. मग मला बोलावणं आलं.

दरदीरी म्हणाला, "उस्ता, मला मारलंस ते मारलंस, अल्लाची मर्जी. पण निदान चपला तरी माझ्या काढायच्यास."

"तेच मी विचारतेय," सालिमची आई म्हणाली. "इतके दिवस रडण्यात लक्ष गेलं नाही. या बायकी चपला आहेत. डाव्या पायाचा पट्टा लाल दोऱ्याने शिवलाय. कोणाच्या या?"

"मला काय विचारतेस? मी मेलो होतो."

"त्याआधी कुठे होतात?"

हाजी, काय सांगू. जी बाई परवापर्यंत नवरा नाही म्हणून काळ्या कपड्यांत बसली होती, ती नवरा परत आला म्हणून त्याच काळ्या कपड्यांत स्वयंपाक बंद करून बसली. मी इतके अश्रू ढाळले, म्हणाली, ते मला परत कोण देणार. दरदीरी ओट्यावर चहा घेऊन बसला की वाटेने जाणारे सवयीने थांबतात आणि त्याच्यासाठी फातेहा वाचतात. तो चहाचा पेला धरून तसाच बसून राहतो, कारण आपल्याच फातेह्याच्या वेळी चहा प्यावा की पिऊ नये, याबद्दल मौलवींनाही नक्की सांगता येईना.

ठरलं मग. शुक्रवारी चुना. मी चहाच्या दुकानात बाकावर चढलो. म्हणालो, गाढवं आणि सिंह राहतात, आणि गावाला एकदाच रडवलेलं चित्र जातं, हा कुठला न्याय. चांगलं बोलत होतो. तेवढ्यात अम्मार शांतपणे म्हणाला, "उस्ता, भिंत खोटं बोलत नाही ना? तुझी भिंत म्हणते दरदीरी गेला. आणि दरदीरी इथे बसून माझ्या पेल्यातली साखर खातोय." सगळे हसले. मी बाकावरून उतरलो. इतकी वर्षं जो दगड मी लोकांना फेकून मारला, तो कोणीतरी नीट नेम धरून परत केला होता.

काल दरदीरी कालव्याच्या काठी भेटला. एकटा होता. म्हणाला, ती छत्री मी एका म्हाताऱ्याला दिली होती, दोंगोला गावचा होता. ऊन उतरलं की परत करतो म्हणाला. "त्याचं नावसुद्धा विचारलं नाही रे. त्याच्या वाट्याचं रडणं माझ्या बायकोने रडून टाकलं. त्याच्या घरी कोणाला कळलंय की नाही, कोण जाणे." मग म्हणाला, "पण घरात शिजत नाही, उस्ता. चुना मारावाच लागेल. तू फक्त सांग, चपला कोणाच्या?" चित्रकाराने चित्राचा खुलासा करू नये, या विषयावर मी त्याला बरंच ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं. भला माणूस आहे.

तर अशी इकडची हालहवाल. उत्तराची घाई नाही. मोठ्यांना सलाम, लहानांना दुआ, मांजर अजून असेल तर तिलाही.

तुमचाच,
किनावी रंगारी

ता. क. सुएझच्या बाजारात चांगली नीळ मिळते. कोणी इकडे येत असेल तर थोडी पाठवावी. माझं आकाश हल्ली राखाडी होतं आहे.

आणखी ता. क. चपला तुम्ही तरी ओळखल्या असतील. मागल्या ईदेला तुम्हीच बहिणीसाठी सुएझहून आणल्या होत्यात. डावा पट्टा तुटला तेव्हा तिने लाल दोऱ्याने शिवला, कारण घरात तेवढाच दोरा होता. त्या आमच्या ओट्याखाली आहेत, तिने काढून ठेवल्या तशाच. बदक त्यांच्यापाशी बसतं आणि मी झाडू घेऊन गेलो की चावतं. पण मी झाडायला जात नाही, नुसताच जातो. तेव्हा अम्मारला उत्तर होतं, हाजी. भिंत खोटं बोलली नाही. फक्त घर चुकलं.

गुरुवारी लिहिलेला ता. क. टपाल आज जाईल म्हणून पत्र उघडंच ठेवलं होतं. सकाळी सालिमची आई भांडायला आली. चपला कोणाच्या ते आज वदवून घेते, असं रस्त्यापासून ओरडत आली आणि आमच्या ओट्यापाशी थांबली. खाली वाकून लाल दोरा बघितला. बदक तिला चावलं नाही. दुपारी तिच्याकडून मुलूखियाच्या भाजीचं वाडगं आलं, आणि मागून दरदीरी. म्हणाला, "उद्याचा चुना राहू दे. त्या चपला तुझ्या स्वतःच्या भिंतीवर जाईपर्यंत माझ्याकडे ठेव. मी ओट्याच्या या टोकाला बसेन, ते टोक त्यांचं. फातेहा वाचतात तर वाचू देत. दोंगोलावाल्याला पोचेल, वहीबाला पोचेल."

शेवटचा ता. क., आणि पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. माझ्या भिंतीवर काही काढता येत नाही, कारण आमच्या घरातून कोणी यात्रेला गेलंच नाही. वहीबाचं नाव दर वर्षी यात्रेच्या सोडतीत घालत होतो, निघालं नाही. गेलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्याला यात्रा करता येते. पण ज्याची स्वतःची झाली आहे त्यालाच. माझी झालेली नाही. तुमची झाली आहे. पुढच्या वर्षी गुडघ्याने परवानगी दिली तर तुमच्या बहिणीच्या नावाने एकदा जाऊन याल का? खर्चाचा विषय उत्तरात काढू नका, मीही काढत नाही. तुम्ही निघालात की मी भिंतीला चुना लावीन, आणि चपला या खेपेला ओट्याखाली नाही, मशिदीच्या दाराबाहेर काढीन, आत गेलेलं माणूस ठेवतं तशा. तुम्ही गोदीतले, जहाजच धराल हे मला माहीत आहे. पण जमलं तर विमानाने जा. तिला पाण्याची भीती वाटायची.