संध्याकाळची लाली

मिरज,
मंगळवार, २० एप्रिल १९५४

प्रिय अण्णा,

वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या कादंबऱ्यांतल्या मुली वडिलांना 'प्रिय' लिहितात आणि ते वाचून तुमच्या वाचकांचे डोळे भरून येतात, म्हणून मीही तेच लिहिलं. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. त्यात दोन गोष्टी आहेत. तुमच्या पन्नाशीला जो गौरव अंक निघतो आहे त्यासाठी मी चार पानं लिहावीत: अण्णांची लेखनाची पद्धत, त्यांची आवडती पुस्तकं, त्यांच्या प्रेरणा. सत्कार समितीच्या बाळासोंचंही कार्ड आलं आहे, 'ताई, लेकीचा लेख नसला तर अंकाला काय शोभा न्हाय.' आणि दुसरी गोष्ट, प्रमूला सुटीत माझ्याकडे पाठवा म्हटलं होतं, त्याला तुमचा नकार. कादंबरी संपेपर्यंत ती खिडकीपासून हलू शकत नाही. सुटी हे मी दिलेलं निमित्त होतं. खरं कारण दिलं नव्हतं. ते या पत्रात देते, पण क्रमानं, कारण एकदम दिलं तर तुम्ही ते हसण्यावारी न्याल. मला प्रमूला तिथून न्यायचं आहे आणि याच आठवड्यात न्यायचं आहे. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा. तार करणार होते, पण तारेवर तुम्ही एक प्रकरण लिहिलं असतं आणि प्रमू तिथंच राहिली असती.

तुमच्या पद्धतीबद्दल लिहायचं तर सुरुवात गणपतरावांच्या स्टुडिओपासून करावी लागेल. कोल्हापुरात गल्लीला एक चित्रकार, आणि तुमचे बरेचसे मित्र त्यांतलेच. समोर माणूस बसवल्याशिवाय गणपतराव ब्रश उचलत नसत. ते बघून तुम्ही घरी आलात आणि आईला म्हणालात, चित्रकाराला समोर माणूस लागतं, मग लेखकानंच काय घोडं मारलंय? पश्चिमेच्या खिडकीपाशी वेताची खुर्ची आली. चारचा चहा झाला की आई तिथं बसायची, दिवे लागेपर्यंत. केसांत अबोली, नजर बाहेर रंकाळ्याच्या बाजूला. समोर बैठ्या मेजावर तुम्ही. कणीक मी मळायची, लहानग्या प्रमूला मी सांभाळायची. कुणी आईची चौकशी केली की आम्ही दोघी सांगायचो, 'आई कामावर बसलीय.'

संध्याकाळचं दूध घालायला धोंडुबाई यायची. तिनं हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा चरवी खाली ठेवून उंबऱ्यातूनच ओरडली, 'काय वो लेखक, वैनीस्नी फोटूत बसिवलंय व्हय? आन् चुलीफुडं कोण, तुमी बसनार?' तुम्ही खूप हसलात आणि ते वाक्य पुढच्या प्रकरणात एका मोलकरणीच्या तोंडी घातलंत. काही महिन्यांनी हीच धोंडुबाई म्हणायला लागली, 'वैनी, सांजंचं नव्या नवरीगत लाल हुतासा की वो तुमी! दादल्यानं निस्तं बघितलं तर ही गत!' आई पदरानं तोंड झाकून हसायची. पदर तोंडावरून लवकर निघायचा नाही, कारण हसता हसता खोकला यायचा. आई सुंदर दिसते म्हणून मलासुद्धा तेव्हा बरं वाटायचं.

खोकल्याबद्दल तुमचा नियम होता. खोकल्यानं वाक्य तुटतं. 'एवढा परिच्छेद होऊ दे, मग खोक,' असं तुम्ही सांगायचात, रागानं नाही, अगदी गोड आवाजात. गणपतराव एकदा ते ऐकून तुम्हाला म्हणाले, 'अंबू, लेका, आम्हीसुद्धा पोरींना मधनं मधनं उठू देतो. पायाला मुंग्या येतात. वहिनींना सोड की जरा!' तुम्ही म्हणालात, तुझं पैशानं आणलेलं माणूस आहे, ते कंटाळतं. हिला कंटाळा कसा येईल? आईनं मान हलवली. कंटाळा येत नाही अशा अर्थानं हलवली की निव्वळ हलवायला मिळाली म्हणून, ते मला सांगता येत नाही.

आवडती पुस्तकं. काचेच्या कपाटातली संस्कृत नाटकं येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आहेत. तुम्ही खरोखर पुन्हा पुन्हा काढत होता ती बंगालीवरून मराठीत आलेली पुस्तकं आणि दोन-तीन इंग्रजी, ज्यांत नायिका शेवटाच्या थोडं आधी मरते. कपाटाची धूळ मी पुसायची, म्हणून सांगू शकते. इंग्रजी पुस्तकांची पानं कडेला जोडलेली होती. वाचणाऱ्यानं सुरीनं कापत जायचं. नायिका मरते तिथपर्यंत तुम्ही ती कापली आहेत. पुढची अजून जोडलेलीच आहेत. ती गेल्यावर घरात काय झालं, मुलं कुणी सांभाळली, स्वयंपाकाचं काय झालं, हे त्या लेखकांनी लिहिलंही असेल. तुम्ही बघितलं नाही. माझ्या आवडीचं पुस्तक तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. ते एक्स-रे घेण्याच्या पद्धतींचं आहे. माणसाला कसं उभं करायचं, हनुवटी कुठं टेकवायची, खांदे किती पुढं घ्यायचे, याच्या त्यात आकृत्या आहेत. हलू नका, श्वास रोखा, असं मीही इथल्या इस्पितळात लोकांना सांगते. माझं काम सेकंदाच्या आत आटोपतं, आणि लगेच मी त्यांना श्वास सोडा म्हणते.

आता प्रेरणा. हेमांगीची कादंबरी तुम्ही आईला समोर बसवून लिहिलीत. तिच्यातलं खिडकीचं पान कोल्हापुरातल्या कितीतरी मुलींना पाठ आहे. मलाही आहे. 'दिवस कलला की हेमांगीच्या गालांवर कुणीतरी हलक्या हातानं गुलाल चोळून जाई. आत समई लावावी तसे तिचे डोळे तेजाळत. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत, इतकी ती विरहानं झिजली होती.' विरहाचं इतकं कोवळं चित्र मराठीत नाही, असं कुणा मोठ्या माणसानं लिहिलं होतं. ते कात्रण तुम्ही चौकटीत लावलं आहे. मी इथं शिकायला आले, त्या पहिल्याच महिन्यात आमचे डॉक्टर फळ्याशी उभे राहून क्षयाची लक्षणं सांगत होते. संध्याकाळी चढणारा बारीक ताप. गालांवर लाली. डोळ्यांत चमक. उतरत जाणारं वजन. बाकीच्या मुली उतरून घेत होत्या. मला उतरून घ्यावं लागलं नाही, डॉक्टरांच्या पुढं पुढं मला येत होतं. एकच लक्षण तुमच्या पानात नव्हतं, झोपेत अंथरूण भिजवणारा घाम. तो तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं. तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपत होता.

मला जे सिद्ध करता येत नाही ते मी लिहिणार नाही. सेहेचाळीस साली त्या आजारावरची इंजेक्शनं आपल्याकडे मिळत नव्हती. लवकर कळलं असतं तर आई वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण तिला आडवं होता आलं असतं. चांगली हवा मिळाली असती. खोकायला परवानगी लागली नसती. वर्षभर रोज समोर बसून तुम्ही तिला जितकं निरखलंत, तितकं कुठल्या डॉक्टरनंही निरखलं नसतं. तुम्हाला सगळं दिसलं, जसंच्या तसं, आणि तुम्ही त्याला प्रेम असं नाव दिलंत. रक्त पडलं तेव्हा वैद्य बोलावले. त्यानंतर ती पंधरवडाभर होती. कादंबरी दिवाळीत निघाली. अर्पणपत्रिकेत तिचं नाव आहे आणि खाली अश्रूंबद्दल एक ओळ आहे.

ती गेल्यावर तुम्ही मला बसवलंत. आठवडाभरात तुम्ही लेखणी खाली ठेवलीत आणि म्हणालात, 'शामे, तुझ्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही गं. त्यापेक्षा भिंत बरी.' तेव्हा ते लागलं होतं. आज त्या वाक्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. उपयोगाची नाही म्हणूनच तुम्ही मला शिकू दिलंत, मिरजेला येऊ दिलंत. प्रमूच्या चेहऱ्यावर मात्र सगळं उमटतं आणि तिला त्याचा अभिमान आहे. दिवाळीत घरी आले तेव्हा मला मिठी मारून म्हणाली, 'ताई, मी नुसती बसते आणि अण्णा माझं पुस्तक करतात!' शाळा सुटली की मैत्रिणींना टाळून धावत येते. चौदा वर्षांची आहे. आईचा आवाज तिला आठवत नाही. आईबद्दल तिला जे माहीत आहे ते सगळं तिनं हेमांगीत वाचलेलं आहे. दिवाळीत मी तिला विचारलं, तुला बसायचा कंटाळा येत नाही का? तर म्हणाली, 'आईला यायचा?'

पत्र लिहिण्याचं कारण असं. मासिकाच्या एप्रिलच्या अंकातलं तुमचं नवं प्रकरण मी वाचलं. दिवेलागणीला तुमची नवी नायिका खिडकीशी बसली आहे आणि तिच्या गालांवर तीच लाली आहे. पहिल्यांदा वाटलं, तुमचं लिहिणं आटलं आणि तुम्ही हेमांगीचंच पान पुन्हा उतरवलंत. तसं असतं तर मला फार आनंद झाला असता. म्हणून दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. नव्या पानात एक गोष्ट आहे जी जुन्यात नाही. माडीचा जिना चढताना ही मुलगी मध्येच थांबते, धाप लपवायला हसते, आणि उजव्या कुशीवर तळवा दाबून धरते, 'जणू तिथं तिनं कुणाचं पत्र लपवलं होतं'. आई असं कधी करत नव्हती. माझ्याकडे फोटोला येणारे छातीचे रोगी करतात. हे हेमांगीतून आलेलं नाही, आणि अण्णा, ते तुम्हाला सुचलेलंही नाही. तुम्हाला काही सुचत नाही. समोर असेल तेवढंच तुम्ही लिहिता आणि ते अचूक लिहिता. तुमच्या लेखणीवर इतका विश्वास ठेवणारा दुसरा वाचक तुम्हाला मिळायचा नाही. त्याच विश्वासावर मी रविवारी सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला येते आहे, आणि दुपारच्या गाडीनं प्रमूला घेऊन परत निघणार आहे. तुमची परवानगी मागत नाही, कळवते आहे. सोमवारी तिच्या छातीचा फोटो मी स्वतः काढीन. फिल्म स्वच्छ निघाली तर तुमची माफी मागून गौरव अंकाला तुम्हाला हवा तसा लेख देईन, आणि तो लिहिताना मला सुखच वाटेल. स्वच्छ निघाली नाही, तर आता औषधं आहेत. ती बरी होईपर्यंत इथं राहील आणि तुमची कादंबरी जिथं थांबली असेल तिथं थांबेल. तोवर तिला झोपू द्या, दूध द्या, खोकू द्या. आणि मी येईपर्यंत तिला यातलं एक अक्षर सांगू नका. तुमची सांगण्याची हातोटी मला माहीत आहे. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला आजारी असणं सुंदर वाटेल.

तुमचीच मुलगी,
श्यामला