यामिनीताईंची सही

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

एकशे त्रेचाळीस झाल्या! आजची सही कबड्डीच्या पोराची. गोखिवऱ्याच्या मैदानात स्पर्धेचं उद्घाटन होतं. स्टँडवर रिक्षा लावून दोन तास उभा राहिलो. सगळे सेल्फी काढत होते, मी वही पुढे केली तर तो बघतच राहिला. म्हणाला, "काका, सही? कुठे करू?" त्याला सवयच नाही. पूर्ण नाव लिहिलं आणि खाली रेघ मारली, शाळेच्या पेपरवर मारतात तशी. मला तर जाम आवडली.

पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकली, गोखिवरे लिहिलं. फोटो काढला नाही. फोटोत माणूस कॅमेऱ्याकडे बघतो. सही करताना दोन क्षण का होईना, माझ्या वहीकडे बघतो.

घरी बायकोला, मालनला दाखवली. तिने तिळगुळाचा डबा पुढे केला. "आधी पानी प्या. सही काय पलून चालली नाय."

गुरुवार, १६ जानेवारी

दुपारी रॉबर्टचा फोन. माझा शाळेपासूनचा दोस्त, वसईत बेकरीत असतो. सह्यांचं वेड आम्हा दोघांना एकदमच लागलं, नववीत. बेकरीतून पाव कुठे जातो त्यावरून त्याला सगळ्या शूटिंगांचा पत्ता लागतो.

"हिरामण, बसलायस का उभा?"

"चालवतोय."

"मग बाजूला घे. किल्ल्यात पिक्चरचं शूटिंग लागलंय. कोण आहे सांगू? यामिनी सबनीस."

खरंच बाजूला घेतली. मागे पॅसेंजर होता, तो विचारायला लागला काय झालं.

एकोणीस वर्षं झाली. विरारला त्यांचं नाटक होतं. संपल्यावर मागच्या दाराशी उभा राहिलो, वही उघडली, त्यांनी हात पुढे केला – आणि पेनच चाललं नाही. त्या थांबल्या. हसल्या. "पुढच्या वेळी," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. तेव्हापासून शर्टाच्या खिशात तीन पेनं असतात. त्यांची नऊ नाटकं पाहिली मी, त्यातलं एक चार वेळा. आयुष्यात कधी विंगेतून वाक्य सांगणारा प्रॉम्प्टर घेतला नाही म्हणतात, एक शब्द कधी चुकला नाही.

झोप येणार नाही आज.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळपासून किल्ल्याबाहेर. रॉबर्टही सुट्टी टाकून आला. ताई दिसल्या, पण लांबून – पांढरी साडी, काळी छत्री, व्हॅनिटी व्हॅनमधून उतरून आत गेल्या. सिक्युरिटीवाला म्हणाला, "अंकल, लाईन के पीछे." सहा तास लाईनच्या मागे होतो. रॉबर्टने आणलेले चार पाव संपले. सही नाही. तरी दिवस मस्त गेला. दिसल्या तरी!

रविवार, १९ जानेवारी

शूटिंगला सुट्टी. दिवस सरता सरत नाही.

सोमवार, २० जानेवारी

जेवायच्या आधी लिहायला बसलो.

किल्ल्याबाहेर उभा होतो. एक डोक्याला रुमाल बांधलेला मुलगा पळत आला. विपुल नाव, असिस्टंट डायरेक्टर. माझ्याकडे बघितलंच नाही, आधी रिक्षाकडे बघितलं. सीटवरची चीर बघितली, मीटर बघितला. म्हणाला, "हीच पाहिजे. ठरवलेला रिक्षावाला आला नाही. पाच दिवस याल? रिक्षा चालवायची, मागे मॅडम बसणार."

"कोण मॅडम?" मला माहीत होतं. पण ऐकायचं होतं.

"यामिनी मॅडम."

माझ्या रिक्षात! माझ्या मागच्या सीटवर!

विपुलने लगेच बोट वर केलं. "पण ऐका काका. फोटो नाही, सही नाही, गप्पा नाहीत. मॅडमना त्रास झाला की त्याच क्षणी घरी. कबूल?"

सही नाही म्हटल्यावर हातातल्या वहीकडे बघितलं. तरी कबूल म्हणालो. शब्द दिलाय.

रॉबर्ट म्हणाला, "शब्द वगैरे काय, मागे बसल्या की वही दे मागे." मी नाही म्हटलं.

संध्याकाळी रिक्षा दोनदा धुतली. मालन म्हणाली, लग्नात पण एवढं घासून आंघोळ केली नव्हती तुम्ही.

मंगळवार, २१ जानेवारी

आज जे झालं ते फक्त इथे लिहितोय. रॉबर्टला नाही, मालनलाही नाही.

माझ्या बाजूला कॅमेरा बसवला, तोंड मागे ताईंकडे. माझा नुसता खांदा दिसणार. डायरेक्टर आणि बाकी सगळे लांब, पडद्यासमोर. चालत्या रिक्षात आम्ही दोघंच. रस्ता सरळ, मी हळू चालवायचं. ताईंनी एवढंच बोलायचं – "पुढच्या वळणावर सोडा मला. तिथून चालत जाईन. इतक्या वर्षांनी आलेय, पण घर मला डोळे मिटूनही सापडेल."

पहिल्यांदा "चालत जाईन"पर्यंत आल्या आणि थांबल्या. मला वाटलं, मुद्दाम थांबल्या, अभिनय आहे. कट. दुसऱ्यांदा तिथेच. सातव्यांदा पहिलंच वाक्य गेलं. परत रिक्षा फिरवायची, परत सुरुवातीला यायचं. विपुल येऊन म्हणाला, "मॅडम, ऊन आहे, ब्रेक घेऊ?" त्या म्हणाल्या, "नको, आवाजाने लक्ष उडतंय."

अकराव्या वेळेनंतर माईकवाला तार बदलायला गेला. मागून हळूच आवाज आला.

"रिक्षावाले, तुम्हाला पाठ झालंय का माझं?"

गप्पा नाहीत म्हणून सांगितलं होतं. पण त्यांनीच विचारलं. "हो ताई."

"आवाज करायचा नाही. फक्त ओठ हलवा. मी तुमच्या आरशात बघते."

आणि मग, "कोणाला बोलू नका हं."

बाराव्या वेळी मी समोर रस्ता बघत ओठांनी वाक्य म्हटलं. त्यांनी आरशातून घेतलं आणि असं बोलल्या की माझ्या मानेवर काटा आला. माझे ओठ, त्यांचा आवाज. लांबून टाळ्या ऐकू आल्या.

मला आनंद होतोय आणि रडूही येतंय. कधी एक शब्द न चुकलेली बाई.

बुधवार, २२ जानेवारी

आज तीन शॉट, तिन्ही दोन-दोन वेळेत ओके. सकाळी विपुलकडून वाक्यांचा कागद मागून घेतला. म्हटलं, वळण कुठे घ्यायचं ते कळायला पाहिजे ना. चहा पिता पिता पाठ केलं. इतकं तर दहावीलाही केलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ताई रिक्षातच बसून राहिल्या. म्हणाल्या, "नाव काय तुमचं?" सांगितलं. गाव विचारलं. आता मनवेलपाडा, मूळचा अर्नाळ्याचा म्हटलं. मग सह्यांच्या वहीचं सांगितलंच, राहवलं नाही. त्या पेनाचं पण सांगितलं. खूप हसल्या.

"आणा वही, आता करते."

वही सीटखाली होती. हात गेला सुद्धा. पण शब्द दिला होता.

"शनिवारी माझा शेवटचा दिवस आहे ताई. काम संपलं की घेईन, बिनधास्त."

"शनिवारी मी विसरले तर?"

"मी आहे ना आठवण करून द्यायला."

त्यांनी डबा बंद केला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "नाव काय म्हणालात?"

गुरुवार, २३ जानेवारी

रॉबर्ट विचारतो, मिळाली का. नाही म्हटलं. मग आत काय करतोस दिवसभर? रिक्षा चालवतो. तो रागावलाय. चाळीस वर्षांत त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं.

शुक्रवार, २४ जानेवारी

संपलं.

दुपारी विपुलने मला पडद्यासमोर बोलावलं. कालचा शॉट लावला, मोठा करून. ताईंच्या मागे प्लास्टिकची खिडकी आहे, तिच्यात माझा आरसा उमटलाय आणि आरशात माझं तोंड. ओठ हलतायत.

"हे काय आहे?"

सगळे बघत होते. ताई लांब खुर्चीवर, छत्रीखाली. त्यांना ऐकू येत नव्हतं.

"तुम्ही मॅडमशी बोलत होता शॉटमध्ये? म्हणून मंगळवारी अकरा टेक वाया गेले?"

एक क्षण मिळाला मला. खरं सांगितलं असतं तर मी सुटलो असतो आणि त्यांचं काय झालं असतं? संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर.

"हो," म्हटलं. "सवय आहे मला. चालवताना बडबडतो. चूक झाली."

विपुल ओरडला नाही. ते जास्त लागलं. "काका, तुमच्यावर भरवसा ठेवला होता. निघा."

रिक्षा काढताना आरशात बघितलं. ताई खुर्चीतून उठल्या होत्या. कोणाला तरी काही विचारत होत्या. मी थांबलो नाही.

उद्या शनिवार होता.

शनिवार, २५ जानेवारी

स्टँडवर बातमी माझ्या आधी पोचली. "हिरोईनला पटवत होता काय रे हिरामण?" हसले सगळे. मीही हसलो. भाडी मारली.

संध्याकाळी रॉबर्ट घरी आला. पाव ठेवला, बसला. निघताना म्हणाला, "तू शॉटमध्ये बडबडशील? चर्चमध्ये माझ्या लग्नाला तीन तास बसला होतास, एक शब्द बोलला नाहीस." मी मान खाली घातली. त्याला काय कळलं, किती कळलं, माहीत नाही. पण राग गेलाय.

मालनला आज सगळं सांगितलं. तिने हातातलं भांडं पुसून ठेवलं. मग म्हणाली, "बरं केलंत."

सोमवार, २७ जानेवारी

सकाळी विपुलचा फोन. आवाज उतरलेला. शनिवारी ताईंनी शूटिंग थांबवून सगळ्यांसमोर सांगितलं, रिक्षावाल्याची चूक नाही, माझ्याच वाक्य लक्षात राहत नाही. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच विसरण्याचा आजार सांगितला होता. पिक्चर थांबणार नाही, अजून बारा दिवस आहेत. वाक्य द्यायला माणूस लागणार. युनिटमध्ये चार जणं तयार होते, त्या नाही म्हणाल्या. नाव त्यांना आठवलं नाही. "तो अर्नाळ्याचा," एवढंच म्हणाल्या.

उद्या नऊला बोलावलंय. रिक्षा नको, मी एकटाच. पूर्ण स्क्रिप्ट पाठवून दिलीय, दीडशे पानं.

मालनने पानं उलटून बघितली. "बारीक अक्षर आहे. आधी चष्मा करून घ्या."