भारद्वाज दिसल्यावर

ती. आई,

हेंद्रेपाड्यातून तुझ्या माधवीचा नमस्कार. फोनवर तू रडायला लागतेस, म्हणून लिहिते. मी बरी आहे. दोन्ही वेळा जेवते.

अभिजीत, तुझा लाडका जावई, वारल्यापासून मी घरातच बसून असते, म्हणून शेजारची किर्ती रविवारी सकाळी मला तिच्या ग्रुपबरोबर जंगलात पक्षी बघायला नेते. थंडी चांगलीच आहे. तू विणलेला स्वेटर घालते. किर्ती माझ्या हातात दुर्बीण देते आणि विचारते, "ताई, त्या सागावर हळद्या बसलाय, दिसला ना?" मला नुसतं धुरकट दिसतं. मी "हो गं, मस्त आहे" म्हणते. तिला बरं वाटतं.

काल मात्र पायवाटेवरच भारद्वाज आला, आपल्याकडचा कुंभारकावळा. त्याला दुर्बीण लागली नाही. तो दिसला की मनातलं मागून घ्यावं, असं तूच सांगायचीस ना? सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मीही मिटले, पण मला मागण्यासारखं काही सुचेचना. शेवटी तो उडून जाईल म्हणून घाईघाईत तुझे गुडघे बरे होऊ देत, एवढंच मागितलं.

दुखणं थोडं तरी कमी झालंय का? खरं काय ते कळव.

तुझी,
माधवी