राजमतीचे पाच साकु

निपाणी,
११ डिसेंबर १९८२

तीर्थस्वरूप कलगोंडाअण्णा यांस,

तुमच्या बहिणीचा नवरा आप्पाण्णा याचा, कंबर सध्या जेवढी वाकू देते तेवढा वाकून, जय जिनेंद्र. आईंचा दमा कसा आहे? तांबड्या बैलाचा खूर भरून आला का? इकडे मी उभा असेपर्यंत खुशाल असतो, बसलो की कळतं. राजमती रागावून तुमच्याकडे चिकोडीला आली त्याला आज नऊ दिवस झाले. परत कधी येणार, ते तिने कळवलेलं नाही. माझ्या मोटरसायकलबद्दल तिने काय काय सांगितलं असेल, याची मला कल्पना आहे. बायकांना यंत्रातलं काही कळत नाही, आणि (रागावू नका) त्यांच्या भावांनाही बेताचंच कळतं. म्हणून हायस्कुलात सतरा वर्षं शास्त्र शिकवणारा माणूस या नात्याने खरी हकीकत लिहितो. तुम्ही ती ऐकून बहिणीची समजूत घालावी.

मुळात हे सगळं तुमच्यामुळे सुरू झालं. दिवाळीत तुम्ही माझ्यामागे बसून बाजारापर्यंत आलात, कंबर धरून उतरलात आणि चारचौघांत म्हणालात, "शॉकप गेल्यात की हो, दाजी." (शॉकप म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा घातलेल्या नळ्या. तुम्हाला नाव ठाऊक होतं याचंच मला नवल वाटलं.) गाडी चौसष्ट सालची. नळ्यांतून तेल पाझरायचं, आणि राजमती बसली की गाडी कुंई करून दोन बोटं खाली जायची. तीही तुमची री ओढून म्हणाली, "होते तसलेच नवे घाला." तसलेच! मला हसू आवरेना. सगळे असंच म्हणत बसले असते तर माणूस अजून बैलगाडीतून फिरला असता, असं मी तिला सुनावलं. त्यावर, बैलगाडी निदान वेळेवर तरी पोचते, असं ती म्हणाली. अशा माणसाशी शास्त्रावर काय बोलणार?

मी बेळगावला जाऊन भंगारबाजारातून एका थोरल्या गाडीचे शॉकप निवडून आणले. आपल्या जुन्यांपेक्षा दोन इंच उंच, स्प्रिंग मनगटाएवढी जाड, वर चकाकता मुलामा. बसवायला दिले मारुतीराव मिस्त्रीकडे. हा गृहस्थ कागलकडचा. बारा वर्षं निपाणीत राहून कन्नडचा एक शब्द शिकला नाही, याचा त्याला अभिमान आहे. (मराठीही त्याला पान्याच्या मापापुरतीच येते.) त्याने शॉकप चढवले आणि गाडीची मागची बाजू अशी वर आली की पुढून ती गुडघे टेकून पाणी पिणाऱ्या बैलासारखी दिसू लागली. मधला स्टँड लागेना. तेव्हापासून ती भिंतीला टेकवूनच उभी करावी लागे. पण नव्याची सवय व्हायला वेळ लागतो, हे अडाण्यांना कुठे कळतं!

स्प्रिंगच्या बुडाशी एक कडं असतं, त्याला पाच खाचा. जितकी वरची खाच तितकी स्प्रिंग ताठ. ती बेतायला मागे वजन लागतं, म्हणून राजमतीला बसवलं. तिथूनच पुढे तुमच्याकडे यायचं होतं, तेव्हा तिच्या मांडीवर शेंगाच्या पोळ्यांचा डबा होता. मिस्त्रीने एक खाच चढवली. राजमती म्हणाली, "साकु." आता तुमच्या घरात ताटात भात पडायला लागला की हात आडवा धरून साकु म्हणतात, म्हणजे पुरे, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण मिस्त्रीने ऐकलं, शॉक! "वैनी शॉक मागत्यात न्हवं? द्यू या की आणि एक खाच." ती पुन्हा साकु म्हणाली, ह्याने पुन्हा खाच चढवली. पाचवी लागल्यावर ती जोरात ओरडली, तेव्हा हा कपाळाचा घाम पुसून म्हणतो, "खाचा संपल्या, वैनी. सायेब, वैनीस्नी गाडीतलं लई कळतंय बगा." असल्या माणसाच्या हातात लोक गाड्या देतात!

चिकोडी रस्त्याला पहिल्याच मोरीवर गाडी उडाली, आम्ही उडालो, डबा उडाला, आणि चौघंही वेगवेगळ्या वेळी खाली आलो. मी थांबलो, बसल्याबसल्याच वाकून शॉकप पाहिले. जराही दबले नव्हते. "पाहिलंस?" म्हणालो. उत्तर आलं नाही, ती संमती समजून मी निघालो. पुढे चार मैल मी तिला स्प्रिंगचा सिद्धांत समजावून देत होतो. मधे एकही शंका नाही, इतक्या शांतपणे तिने माझं कधीच ऐकलं नव्हतं. एवढ्यात मागून एस. टी. आली आणि पुढे गेली. तिसऱ्या खिडकीत मांडीवर डबा घेऊन, नाकासमोर बघत, राजमती! (कंडक्टर पोळी खात होता.) ती मोरीवरच उतरली होती. या शॉकपवर कोणी बसलं काय नि उतरलं काय, गाडी सूतभर हलत नाही. हा त्यांचा दोष नव्हे, गुण आहे.

तेव्हा गाडी निर्दोष आहे. चूक मिस्त्रीची, मोरीची आणि शास्त्र न कळणाऱ्या तुम्हा सर्वांची. घरातल्या लहानथोरांना माझी आठवण सांगावी.

तुमचा, उभ्याने लिहिणारा,
आप्पाण्णा

ता. क. बेळगावचे शॉकप काढून टाकले. होते तसलेच नवे घातले. मिस्त्री म्हणाला, "मग ह्येच आधी का न्हाय?" असल्या माणसाला मी उत्तर देत नसतो.

ता. क. दुसरा. पुढच्या रविवारी तिला न्यायला यावं म्हणतो. एस. टी.ने येईन. ती निघणार असेल तरच कळवा. काल एकटाच गाडी घेऊन गेलो होतो, तर दर मोरीला मागे वळून बघत होतो.

ता. क. तिसरा. अण्णा, वरचं पत्र तिला दाखवू नका. एवढंच वाचून दाखवा : मारुतीरावाला कन्नड येत नाही. मला येतं. पाचही साकु मला कळले होते.