पुस्तकावरचे नाव

शुगर लँड, ४ सप्टेंबर २००६
सौ. जाऊन सात महिने होत आले. आज पारितोषिक समितीच्या प्रा. ओर्तेगांचा फोन. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लेखकांवरील सौ.च्या ग्रंथास यंदाचे पारितोषिक. ग्रंथ छापून आला तेव्हा ती रुग्णालयात होती. समारंभ डिसेंबरात, सॅन अँटोनिओस. मी स्वीकारावे व चार शब्द बोलावेत. "तिचे नाव तुम्हीच उच्चारा. आम्ही सगळे चुकतो." होय म्हणालो.

५ सप्टें.
ग्रंथावर माहेरचे नाव आहे: कुसुम देव. लग्नात आमच्याकडे नाव बदलले. तांदळाच्या ताटात अंगठीने मीच 'शुभदा' लिहिले. ती पद्धतच होती, कोणी विचारीत नसे. हाक मात्र 'अगं' हीच. चौतीस वर्षे कधी अडले नाही.

१७ सप्टें., रविवार
कन्या शिल्पा ऑस्टिनहून आली.
"बाबा, आईला बाहेर सगळे कुसुमच म्हणायचे. स्टुडंट्स, कलीग्ज, एव्हरीबडी."
"घरी नाही."
"घरी तुम्ही अगं म्हणायचात. लाइक अ डोअरबेल!" हसली. मग बराच वेळ भांडी घाशीत राहिली.
जाताना म्हणाली, "पुस्तक तरी वाचलंत का?"

८ ऑक्टो.
वाचतो आहे. कठीण जाते, जन्म तेलवाहिन्यांच्या हिशेबात गेला. तिसरे प्रकरण शाळांविषयी. येथील शिक्षक मुलांची स्पॅनिश नावे पहिल्याच दिवशी बदलून इंग्रजी ठेवीत. मुले घरी सांगत नसत. सौ. लिहिते, नवे नाव देणाऱ्यास बहुधा ते औदार्यच वाटते.
येथे खूण घालून मिटले.
माझा उल्लेख कोठेही नाही. ऋणनिर्देशात 'माझे पती' एवढेच. तिनेही नाव घेतलेले नाही.

२२ ऑक्टो.
दिवाळी नाही. शेजारचे कुलकर्णी फराळाचा डबा घेऊन आले. पारितोषिकाचे कळताच, "अहो, वर्षाच्या आत सत्कार कसला घेता?"
मला, खरे म्हणजे, सुटल्यासारखे झाले. येणे जमणार नाही असे प्रा. ओर्तेगांना कळविले. शिल्पाला फोनवर कारण सांगितले.
"बाबा, प्राइझ तुम्हाला नाहीये!"
तिनेच फोन ठेवला.

१ डिसें.
प्रा. ओर्तेगांचा निरोप. "येत नसाल तर तिचे नाव माझ्या आन्सरिंग मशीनवर सांगून ठेवा. ऐकून तसेच म्हणेन." रागाचा एक शब्द नाही.
जेवणानंतर फोन लावला. बीप वाजला.
"अगं," म्हणालो.
पुढे काही येईना. ठेवून दिला.

२ डिसें.
येतो असे प्रा. ओर्तेगांना कळविले. शिल्पाला विचारले, सॅन अँटोनिओपर्यंत गाडी चालवशील का. "ऑफ कोर्स, बाबा." आणखी काही विचारले नाही. तेवढ्यापुरती आईवर गेली आहे.

९ डिसें., सॅन अँटोनिओ
हॉटेलात उतरलो. दारातच बिल्ला मिळाला. माझ्या नावाखाली छापले आहे: कुसुम देव यांचे पती. शिल्पाने तो कोटास लावला, मागे सरून पाहिला, पुन्हा सरळ केला.
"म्हणून बघा ना एकदा. इथे कोणी नाहीये."
घसा कोरडा आहे, म्हणालो. ती पाणी आणावयास गेली आहे.
सभागृहात खुर्च्या लावल्याचे आवाज येत आहेत. भाषणाचा कागद काढून पाहिला. पहिली ओळ अजून 'सौ.'नेच सुरू होते. ते खोडले आहे. जागा मोकळी ठेवली आहे.